"हे कसलं संगीत?" म्हणणाऱ्यांना शेवटपर्यंत बसवायचं कसं

पहिल्या कार्यक्रमाला आमच्याकडे अकरा जण आले होते. त्यातले चार वाजवणाऱ्यांच्या घरचे आणि एक हॉलचा वॉचमन, जो खरं तर हे कधी संपतंय ते बघायला दारात उभा होता. कार्यक्रम नव्या संगीताचा, म्हणजे गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत लिहिलं गेलेलं, ज्याला कंटेम्पररी क्लासिकल, एक्सपेरिमेंटल वगैरे म्हणतात ते. मी हौसेने दोन पानी माहिती टाइप करून आणली होती आणि ती सगळीच्या सगळी वाचून दाखवली, पंचवीस मिनिटं, त्यात व्हिएन्ना काय, न्यूयॉर्क काय, काहीच सोडलं नाही. शेवटी पहिल्या रांगेतले एक काका अगदी सभ्यपणे म्हणाले, "ताई, गाणं आजच आहे ना?"

त्यानंतर आम्ही तीन-चार मित्रमैत्रिणी मिळून पुण्यात असे छोटे कार्यक्रम करतोय, हल्ली तीस ते पन्नास माणसं, सतरंजी, खुर्च्या, चहा. आता बऱ्याच जणांचे मेसेज येतात की आम्हालाही आमच्या गावात असं करायचंय, कसं करू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच येतं. लोक विचित्र आवाजाला घाबरत नाहीत. भुताच्या सिनेमात कर्कश व्हायोलिन चालू असतात तेव्हा हाच माणूस पॉपकॉर्न खात बसलेला असतो, मिरवणुकीत चाळीस ताशे एकदम कडाडतात तेव्हा हाच माणूस पोराला खांद्यावर घेऊन उभा असतो. त्याला भीती असते ती वेगळीच, की मला यातलं काही कळत नाहीये हे शेजारच्याला कळेल. टाळ्या कधी वाजवायच्या, हसू आलं तर हसायचं का, मधेच उठलं तर वाईट दिसेल का, हे अजून किती वेळ चालणार, डोक्यात हे सगळं चालू असताना कान कुठून उघडे राहणार. तेव्हा आपलं काम संगीत समजावून सांगायचं नाही, घरी आलेल्या पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही, एवढंच. लग्नघरात जो माणूस दारात उभा राहून "या या, चपला इथे, पाणी तिकडे" करत असतो ना, ते काम.

बोलवायचं कोणाला

इथे माझं मत थोडं उलटं आहे. शास्त्रीय संगीताच्या पक्क्या श्रोत्यांना सगळ्यात शेवटी बोलवा. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, मी त्यांच्यातच वाढलेय, पण ते तुलना घेऊन येतात आणि मध्यंतरात चहाच्या टेबलाशी उभं राहून एकच वाक्य बोलतात, "ठीक आहे, पण यात सूर कुठेय", आणि ते वाक्य आजूबाजूच्या दहा जणांना वर्षभर पुरतं.

त्यापेक्षा ज्यांना ऐकायची किंवा वाट बघायची सवय दुसऱ्याच कारणाने लागलेली आहे अशी माणसं शोधा. आमचा सगळ्यात चांगला श्रोतृवर्ग कोण निघाला माहितेय, पक्षी बघणारे. पहाटे पाचला उठून पाषाण तलावावर जाऊन चाळीस मिनिटं गप्प बसून कुठून आवाज आला ते ऐकणारी माणसं, त्यांना आठ मिनिटांची संथ रचना म्हणजे काहीच नाही. दुसरे ढोल-ताशा पथकातली पोरं. लयीवर लय चढली की काय होतं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही, हाताला माहिती असतं. भजनी मंडळातल्या बायका. आर्किटेक्चरचे विद्यार्थी, हे नेहमी येतात आणि नेहमी उशिरा येतात. तबल्याच्या क्लासमधली बारावीची मुलं, पण त्यांचे आईवडील पण येतील असं बघा, मुलं एकटी आली तर मोबाईल काढतात.

आणि एकेकाला स्वतः मेसेज करा. ग्रुपवर टाकलेल्या पोस्टला अंगठे खूप येतात, माणसं येत नाहीत. आमचा अनुभव साधारण असा की तीस माणसं हवी असतील तर नव्वद जणांना नावानिशी लिहावं लागतं.

निमंत्रण

आमचं पहिलं निमंत्रण असं होतं: "विसाव्या शतकातील अवांगार्द संगीतप्रवाहांचा वेध घेणारी एक अभिनव सांगीतिक अनुभूती." आज वाचलं की मलाच घाम फुटतो. यात किती वेळ, काय ऐकायला मिळणार, कुठे बसायचं, यातलं काहीही नाही, आणि "अनुभूती" शब्द वाचला की माणूस त्या संध्याकाळी भाजी आणायला जातो.

दांडी द्या, कपाला असते तशी. ऐकणाऱ्याला पकडायला काहीतरी एक, खरं आणि ठोस. पोलंडच्या गुरेत्स्की या संगीतकाराची तिसरी सिंफनी १९७६ सालची, जवळजवळ तासभर, सगळी संथ, आणि १९९२ मध्ये तिची एक रेकॉर्डिंग आली ती दहा लाखांच्या वर खपली. का खपली याची बरीच कारणं सांगतात, इंग्लंडात नुकतंच सुरू झालेलं एक रेडिओ स्टेशन ती सारखी लावायचं हे एक. पण मला वाटतं त्यातल्या मधल्या भागाचे शब्द हे मोठं कारण, गेस्टापोच्या (नाझींच्या गुप्त पोलिसांच्या) कोठडीच्या भिंतीवर अठरा वर्षांच्या मुलीने आईला आणि देवाच्या आईला उद्देशून कोरलेल्या ओळी. एवढं कळलं की पुढे समजावत बसावं लागत नाही.

आम्हाला अशी दांडी आपल्या घराजवळच सापडली. फ्रान्सचा संगीतकार मेसियाँ, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता, तिथे त्याने सोबतच्या कैद्यांसाठी क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांचं एक क्वार्टेट लिहिलं आणि १५ जानेवारी १९४१ ला गॉर्लित्झच्या छावणीत कैद्यांसमोर ते वाजलं. आता गंमत बघा, त्यातल्या पहिल्या भागात पियानोला जी लय दिलीय ती देशी तालांमधून घेतलेली आहे, आणि ते ताल शारंगदेवाच्या 'संगीत रत्नाकर'मधले. शारंगदेव कुठला, तर देवगिरीचा, यादवांच्या दरबारातला, तेरावं शतक. म्हणजे आपल्या दौलताबादहून निघालेले ताल सातशे वर्षांनी जर्मन छावणीत वाजले. हे मी एका निमंत्रणात लिहिलं तेव्हा ते माझ्या ओळखीबाहेर फॉरवर्ड होत गेलं, आणि औरंगाबादच्या एका बाईंचा फोन आला की आम्ही लहानपणी किल्ल्यावर सहलीला जायचो, येऊ का.

त्या दिवशी अख्खं क्वार्टेट वाजवायची आमची ऐपत नव्हती, माणसंही नव्हती. त्यातला तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे, पक्ष्यांचा, तेवढाच घेतला. वाजवणाऱ्या मुलाचे आजोबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निमंत्रण शेवटी असं गेलं:

"शनिवारी संध्याकाळी साडेसहा. एक क्लॅरिनेट, आठ मिनिटं. युद्धात कैद झालेल्या माणसाने लिहिलेलं पक्ष्यांचं संगीत. यात एक सूर आहे जो ऐकू येत नाही इतका हळू सुरू होतो आणि कान भरून जाईपर्यंत वाढतो. त्यानंतर टाळ्यांची एक रचना, ती तुम्हीही शिकाल. मग चहा. आठला नक्की मोकळे. आधीचं काही माहिती असायची गरज नाही. मधे उठून गेलात तरी कोणी बघणार नाही."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. आणि "आठला नक्की मोकळे" म्हटलंत तर आठला मोकळं करा, आठ पाचला पण नाही.

पहिलं काय वाजवायचं

टाळ्या. डोळे झाकून सांगते, टाळ्या. स्टीव्ह राइश नावाच्या अमेरिकन संगीतकाराने १९७२ मध्ये एक रचना केली, दोन माणसं आणि चार हात, बाकी काही नाही. नाव 'क्लॅपिंग म्युझिक'. आधी लोकांना तिचा साचा शिकवा, तो असा:

टाळी टाळी टाळी गप, टाळी टाळी गप, टाळी गप, टाळी टाळी गप.

मोजा, बारा होतात. म्हणजे आपल्या एकतालाइतक्या मात्रा, फक्त वजन वेगळं. आता दोघं मिळून हे एकत्र वाजवायला लागतात. पहिला शेवटपर्यंत हेच वाजवतो, हलत नाही. दुसरा काही आवर्तनं झाली की एक मात्रा पुढे सरकतो, म्हणजे साचा तोच पण सुरुवात एक घर पुढून. मग आणखी एक. मग आणखी एक. दर वेळी दोघांच्या टाळ्या एकमेकांत अडकून नवंच काहीतरी ऐकू यायला लागतं जे दोघांपैकी कोणीच वाजवत नाहीये. आणि बारा वेळा सरकल्यावर दोघं परत एकत्र येतात.

पाश्चात्त्य श्रोत्याला हे समजावायला वेळ लागत असेल कदाचित, आपल्याकडे नाही, कारण आपल्याकडे त्याला शब्दच आहे, समेवर येणं. मी एवढंच सांगते, "हे दोघं भांडून वेगळे होणार आहेत, समेवर कधी येतात ते पकडा." पाच मिनिटांचा मामला. सगळे पुढे झुकून बसतात. आणि ते परत जुळतात तेव्हा हॉलमधून जो 'हां' येतो ना तो कुठल्याही बैठकीतल्या 'क्या बात है' पेक्षा कमी नाही. आमच्याकडे सगळ्यात आधी पकडलं ते भजनी मंडळात झांज वाजवणाऱ्या एका आजींनी, तबल्याची विशारद झालेली मुलगी अजून बोटांवर मोजत होती. आजी म्हणाल्या, "अगं मोजू नकोस, तो उजवीकडचा बघ, खांदे सैल सोडतोय."

वाजवणाऱ्यांना महिनाभर सराव हवा हं. दिसतं सोपं, पण सातव्या-आठव्या वेळी सरकताना मेंदू दगा देतो.

दुसरं, षड्ज-पंचम. ला माँट यंग या अमेरिकन संगीतकाराची १९६० सालची एक रचना आहे, तिच्या कागदावर फक्त दोन सूर आहेत, बी आणि त्याच्या वरचा एफ शार्प, आणि सूचना अशी की हे बराच वेळ धरून ठेवायचे. संपलं. आता बी ला सा धरलात तर एफ शार्प म्हणजे पंचम. तंबोरा लावून ठेवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटेल का सांगा. आणि नातं नुसतं योगायोगाचं नाही, हाच यंग आणि त्याचा मित्र टेरी रायली पुढे १९७० पासून पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकले, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे. किराणा म्हणजे पुण्याचं आपलं घरचंच. आम्ही ही रचना दोन गायिका आणि एक हार्मोनियम घेऊन पंधरा मिनिटं करतो. सुरू करायच्या आधी सांगते, "पंधरा मिनिटं, काही बदलणार नाही, तरी बदलल्यासारखं वाटेल, डोकं थोडं हलवून बघा." डोकं हलवलं की हॉलमध्ये वेगवेगळे सूर वर येताना ऐकू येतात, लोक हळूहळू कबुतरासारख्या माना हलवायला लागतात, बघायला फार मजा येते.

अमेरिकन संगीतकार जॉन केजची ती गप्प बसायची रचना, चार मिनिटं तेहतीस सेकंद, १९५२ ची, ती पहिल्या कार्यक्रमात ठेवू नका. मला माहितेय मोह होतो. पण नव्या माणसाला ती थट्टा वाटते, आणि ती थट्टा आपल्यावर चाललीय असं वाटतं, म्हणजे ज्या भीतीबद्दल वर लिहिलं नेमकी तीच. चौथ्या-पाचव्या कार्यक्रमात ठेवा, आणि दांडी म्हणून गीता साराभाईंची गोष्ट सांगा. अहमदाबादच्या या बाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला केजकडे पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या आणि बदल्यात त्याला आपलं संगीत शिकवत होत्या. संगीत कशासाठी असतं, तर मन शांत करायला, म्हणजे त्यात दैवी काही उतरू शकेल, ही त्यांच्या गुरूंची शिकवण त्यांनीच त्याला सांगितली आणि तो ती आयुष्यभर सांगत राहिला.

पियानोच्या तारांत स्क्रू अडकवून वाजवायच्या केजच्या रचना पण फार छान आहेत, पण ज्यांच्याकडे आम्ही पियानो मागायला गेलो त्यांनी स्क्रूची पिशवी बघितली आणि पियानो दिलाच नाही. त्यांचंही बरोबरच आहे.

एकच गोष्ट दोनदा

ही युक्ती माझी नाही, ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गची. त्याने १९१८ मध्ये व्हिएन्नात नव्या संगीतासाठी एक खाजगी मंडळ काढलं होतं, नियम एकदम कडक, टाळ्या वाजवायच्या नाहीत, समीक्षकांना प्रवेश नाही, आज काय वाजणार ते आधी सांगायचं नाही, आणि अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजवायच्या. मंडळ तीनच वर्षं टिकलं. त्यातले बाकीचे नियम आपल्याकडे चालणार नाहीत, आपल्या माणसाला दाद देऊ नको म्हटलं तर तो आजारी पडेल, पण शेवटचा नियम सोन्यासारखा आहे. क्लॅरिनेटचा तुकडा आम्ही सुरुवातीला वाजवला आणि शेवटी परत वाजवला, तेच, तसंच. दुसऱ्यांदा तो लांबलेला सूर यायच्या आधीच लोक सावरून बसले, कारण आता त्यांना माहिती होतं. ठुमरीला लोक का येतात, तर पुढची ओळ माहिती असते म्हणून. ते "माहिती असणं" तुम्हाला एका संध्याकाळीच तयार करून द्यायचंय.

बोलायचं किती? प्रत्येक रचनेआधी दोन मिनिटं. घड्याळ लावा. मला अजून लावावं लागतं.

हॉल

मोठा घेऊ नका. पंचाहत्तरच्या हॉलमध्ये चाळीस माणसं म्हणजे गर्दी, तीनशेच्या हॉलमध्ये तीच चाळीस म्हणजे शोकसभा. क्लासची वरची खोली, वाड्याची ओसरी, शाळेचा चित्रकलेचा वर्ग, काहीही चालेल. खुर्च्या अर्धगोल, पुढे सतरंजी, आणि दार मागच्या बाजूला, म्हणजे उठणाऱ्याला वाजवणाऱ्यांच्या समोरून जावं लागणार नाही. सवाई गंधर्व महोत्सवाला लोक मधेच उठून वडापाव खाऊन येतात आणि परत तल्लीन होतात, त्यात कोणाला काही वाटत नाही, ती मोकळीक इथेही द्या.

पंखे! हे कोणी सांगत नाही म्हणून ठळक सांगते. हॉल ठरवायला जाल तेव्हा सगळे पंखे पाचवर लावा आणि खोलीच्या मधोमध दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहा. एक तरी पंखा टक टक टक करणारच. सिनेसंगीताच्या कार्यक्रमात तो ऐकू येत नाही, इथे तो तिसरा वादक होतो. संथ रचनेला पंखे बंद करावे लागतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये असले कार्यक्रम ठेवूच नका, आणि गणपतीच्या आधीचा महिना पण नको कारण बाहेर पथकांची प्रॅक्टिस चालू असते (आणि तुमचे निम्मे श्रोते तिथेच असतात).

लोकांच्या हातात काहीतरी द्या

लिगेती नावाच्या हंगेरियन संगीतकाराने १९६२ मध्ये शंभर मेट्रोनोमसाठी (लय धरायला टिकटिक करणारं यंत्र) एक रचना केली, वेगवेगळ्या वेगाने टिकटिकणारे शंभर मेट्रोनोम एकदम सोडून द्यायचे, चावी संपेल तसे ते एकेक करून बंद पडतात, शेवटी एकच उरतो. शंभर मेट्रोनोम कोणाकडे असणार. आम्ही त्यावरून एक खेळ केला, त्याला लिगेतीची रचना म्हणू नका हं, खेळच. प्रत्येकाने फोनवर मेट्रोनोमचं अॅप आधीच उतरवून ठेवायचं, हवा तो वेग लावायचा, आणि चिठ्ठीवर आलेल्या वेळेला बंद करायचं, कोणाला दोन मिनिटं, कोणाला चार. सुरुवातीला पत्र्यावर गारा पडल्यासारखा गदारोळ, मग हळूहळू विरळ, मग त्यात ताल ऐकू यायला लागतात, शेवटी तीन, दोन, एक. शेवटची चिठ्ठी एका सात वर्षांच्या मुलाला आली होती. त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि फोन बंद करायलाच तयार होईना.

नंतर

"कसं वाटलं?" विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं, "छान, वेगळं होतं", आणि माणूस परत त्याच परीक्षेत बसतो. त्याऐवजी चहा देताना विचारा, "आत्ता कानात कुठला आवाज उरलाय?" याला चुकीचं उत्तरच नाही, आणि मग लोक जे बोलायला लागतात ते ऐकण्यासारखं असतं. कोणी म्हणालं कुकरची शिट्टी यायच्या आधीची धुसफूस, कोणी म्हणालं घाटात एसटी गिअर बदलते ते. आवडलं नाही म्हणणाऱ्याला अजिबात पटवत बसू नका. "मलाही ते पहिल्यांदा नव्हतं आवडलं" एवढं म्हणा आणि बिस्कीट पुढे करा.

व्हिडिओ टाकायचा असेल तर चाळीस सेकंद, आणि हातांचा. दोन जोडी हात टाळ्या वाजवताना जवळून दिसले की लोक थांबतात, स्टेज लांबून घेतलेलं कोणी बघत नाही.

पैसे आणि कागद

तिकीट ठेवा, शंभर रुपये का असेना. आम्ही दोनदा फुकट ठेवून बघितलं, नाव नोंदवलेल्यांतले निम्मे आले नाहीत, शंभर भरलेला माणूस पावसात भिजत येतो. विद्यार्थ्यांना पन्नास. दारात क्यूआर कोड चिकटवा आणि सुटे पण ठेवा. वाजवणाऱ्यांना मानधन द्याच, कमी असेल तर कमी, पण पाकिटात घालून, त्याच दिवशी, "पुढच्या वेळी बघू" नको.

या रचना नव्या आहेत म्हणजे बहुतेक सगळ्या अजून कॉपीराइटमध्ये आहेत. लाइव्ह वाजवणार असाल तर आयपीआरएसकडे (संगीतकार-गीतकारांच्या हक्कांची संस्था), रेकॉर्डिंग लावणार असाल तर त्याशिवाय पीपीएलकडेही (रेकॉर्डिंगचे परवाने देणारी कंपनी) आधी विचारा, आणि नोटेशनची झेरॉक्स मारू नका, विकत घ्या, तो खर्च धरूनच तिकीट ठरवा. स्पीकर लावलेत तर रात्री दहाच्या आत बंद, पण तुम्ही आठलाच मोकळे झालेले असाल त्यामुळे तो प्रश्न येऊ नये.

पुढची तारीख मात्र त्याच संध्याकाळी सांगा, लोक चपला शोधत असतानाच, दोन महिन्यांच्या आतली, आणि आजची एक रचना त्यातही असेल हे सांगा. आमच्या दुसऱ्या कार्यक्रमाला एकोणीस आले होते, तिसऱ्याला चौतीस. वॉचमन आता आत येऊन बसतो, शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, किल्ल्या खिशात घालून, कारण एकदा त्या संथ रचनेत खुळखुळल्या तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं होतं.